पाहुण्याच्या वाट्याची चरबी

तारिन, ६ ऑक्टोबर १९७४

बालबारा,

जिवंत आहेस ना? मी आहे.

हे पत्र मी लिहितोय म्हणून दचकू नकोस. इतकी वर्षं तुला पत्रं तुझी बहीण लिहायची आणि खाली मी नुसती सही ठोकायचो. ओग्दो मे महिन्यात गेली. लिहिणारी गेली, सही करणारा मागे उरला. तेव्हा अक्षर कसंही आलं तरी चालवून घे.

बातमी एवढीच, की परवा मी घोडे घेऊन वर हंसतळ्याच्या छावणीवर चाललोय. दरवर्षी जातोच, या वेळी एकटा जातोय. फार्मवरचे लोक म्हणत होते, लेगेन्तेय, यंदा गावात राहा, बॉयलरच्या खोलीत कोळसा टाक, ऊब आहे, गप्पा मारायला माणसं आहेत. मी म्हटलं, अठ्ठावन्न वर्षं घोड्यांमागे घालवली, आता मला फावडं धरायला शिकवू नका. दवाखान्याच्या अनिसियाने वर जाणाऱ्या सगळ्यांना काट्यावर उभं केलं. तिचा नियम तुला माहीत आहे, वसंतातल्यापेक्षा वजन कमी भरलं तर त्या माणसाला हिवाळ्यात वर सोडायचं नाही. माझं बरोबर भरलं. बाईने माझ्या तोंडाकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, पुन्हा तोंडाकडे पाहिलं आणि सही केली.

शरदातली घोडी कापली. पोटावरची चरबी चार बोटं भरली! अशी घोडी बऱ्याच वर्षांत झाली नव्हती. मांस बहुतेक गावात वाटलं, ओग्दोच्या नावाने. माझ्यासाठी काही फासळ्या ठेवल्या, आणि पोटाची चरबी. ती वर कोठारात टांगून ठेवीन. तुमच्या माहेरची रीत आहे ना, ती पाहुण्याच्या वाट्याची, पाहुणा उंबरठा ओलांडून आत येऊन बसल्याशिवाय तिला सुरी लावायची नाही. ओग्दोने ती रीत आमच्या घरात आणली आणि मी पंचेचाळीस वर्षं तिची चेष्टा केली. आता मोडावीशी वाटत नाही.

तुझ्याकडे थंडी पडली का? का तिकडे ती नसतेच?

लेगेन्तेय


फ्रुन्झे, २ नोव्हेंबर

दाजी,

पत्र मिळालं. अक्षर काही वाईट नाही, आतला मजकूर वाईट आहे. एकटेच वर गेलात? लोक शंभर गोष्टी सांगतात त्या या कानाने ऐकून त्या कानाने सोडायच्या, ही तुमची जुनी खोड. ताई असती तर तिने तुमची फरची टोपीच लपवून ठेवली असती. मी पडले हजारो कोस लांब, मी काय लपवू?

थंडीचं विचारलंत. इथे लोक हिवाळा म्हणतात त्याला, दाजी, आपण खिडकी उघडी राहिली म्हणू. पॉप्लरची पानं आत्ताशी गळतायत. घराच्या भिंतीत लोखंडी नळ्या तापलेल्या, मी रात्रंदिवस कणसासारखी भाजून निघते. नळ सोडला की पाणी. बर्फाची लादी फोडायला नको, वितळवायला नको, लाकूड नको, गाय नको. तिकडे सकाळी लोणी लावून भाकर खाल्ली की दुपारपर्यंत अंगातून जळून जायची. इथे खाल्लेलं जागच्या जागी बसून राहतं, माझ्यासारखंच.

आमची रईसा शाळेत मुलांना कवायत शिकवते आणि घरी आली की आईला. न्हाणीघरात तिने काटा आणून ठेवलाय. दर रविवारी मी त्यावर चढायचं आणि तिने नाक मुरडायचं. ‘‘आई, पुन्हा वाढलीस!’’ तारिनमध्ये मी रस्त्याने चालले की म्हाताऱ्या म्हणायच्या, हिने यंदाचा हिवाळा आत्ताच खिशात घातला. इथे शेजारीण म्हणते, आजी, पाव कमी करा. त्याच अंगाला तिथे शाबासकी आणि इथे शिव्या. माणसाने करावं काय?

जावई जोल्दोश मात्र भला आहे. परवा बाजारातून घोड्याचं सॉसेज घेऊन आला, म्हणाला, आई, तुम्हाला घरची आठवण येत असेल. धुरावलेलं, मिरं घातलेलं. मी छान आहे म्हटलं, सगळं खाल्लं, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. घरात आपली भाषा बोलणारं कुणी नाही, दाजी. रईसाला समजते, पण ती उत्तर रशियनमध्ये देते.

जेवता का? काय जेवता? खरं लिहा. ताई गेल्यापासून तुमच्या घरात चूल कुणी पेटवली ते मला माहीत नाही.

तुमची बालबारा


हंसतळं, ५ डिसेंबर

बालबारा,

तुझं पत्र किप्रियानने आणलं. तो पंधरवड्यातून एकदा गोठलेल्या नदीवरून ट्रक घेऊन येतो, सामानाचं पोतं खाली टाकतो आणि निघतो. इंजिन बंद करत नाही. या थंडीत एकदा बंद झालं तर पुन्हा सुरू होईलच याची खात्री नाही. त्यामुळे तो खालीही उतरत नाही. मी म्हणतो, ये, चहा घे. तो काच चार बोटं खाली करून ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणतो आणि काच वर करतो. यंदा अजून माझ्या झोपडीत कुणी पाऊल टाकलेलं नाही.

आज उणे छप्पन्न आहे. वारा नाही, आवाज नाही. घोड्यांच्या श्वासाचं धुकं होतं आणि त्या धुक्यावरून कळप कुठे आहे ते कळतं. टापांनी बर्फ खणून खालचं गवत खातायत. शरदात अंगावर घेतलेलं वसंतापर्यंत पुरवायचं, एवढाच त्यांचा धंदा. काही घोड्या आत्ताच अंगाने उतरायला लागल्या आहेत. मी रोज हातमोजा काढतो आणि एकेकीच्या फासळीवर हात दाबून बघतो. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. रोड घोडीचे केस थंडीने उभे राहतात आणि ती सगळ्यांत गुबगुबीत दिसते. नवशिके तिथेच फसतात.

जेवतो का विचारतेस. जेवतो तर. रीतीप्रमाणे आधी चुलीत लोणी घालतो, अग्नीचा वाटा. पूर्वी चमचाभर घालायचो. आता ओग्दोचाही वाटा घालतो, तिला लोणी आवडायचं. आग चांगली भडकते, बघत बसावंसं वाटतं. मग माझं काय ते खातो. कोठारात पुष्कळ आहे, काळजी नको.

कवायत करत जा. पोरीचं ऐकावं.

लेगेन्तेय


फ्रुन्झे, २६ डिसेंबर

दाजी,

तुमचं पत्र आणि अनिसियाचं पत्र एकाच दिवशी आलं. आधी अनिसियाचं फोडलं, कारण तुम्ही खरं सांगाल यावर माझा विश्वास नाही. मी तिला लिहिलं होतं, माझ्या दाजींची काही खबर असेल तर कळव. ती लिहिते, किप्रियान सांगतो की लेगेन्तेय असा काही फुगलाय, झोपडीच्या दारात मावत नाही, आडवं होऊन बाहेर यावं लागतं, वळूसारखा दिसतो.

वाचून मी एवढ्या मोठ्याने हसले की रईसा धावत आली. कित्येक दिवसांनी हसले बघा. तुम्ही लग्नात कसे होतात, वाळक्या काटकीसारखे. आमचे बाबा ताईला म्हणाले होते, अगं, याला पहिल्या वाऱ्यात खुंटीला बांधून ठेव. आणि आता दारात मावत नाही! तेव्हा माझी काळजी मिटली. मी उगाच तुमच्या जिवाला घोर लावत होते.

माझंच बरं नाही. जिना चढताना दोनदा थांबावं लागतं. पायाला सूज येते, संध्याकाळी बोट दाबलं की खड्डा राहतो. डॉक्टर म्हणाला, तुमचं शरीर थंडीसाठी घडलंय, इथे त्याला कामच नाही. रोज चालायला सांगितलंय. मी बागेला फेऱ्या मारते. सगळ्या म्हाताऱ्या जोडीने चालतात, मी एकटी. मनात तुमच्याशी आणि ताईशी बोलत चालते, त्याने फेऱ्या लवकर होतात.

नवं वर्ष सुखाचं जावो. वळूसारखेच राहा.

बालबारा


हंसतळं, १४ जानेवारी १९७५

बालबारा,

नवं वर्ष आलं तसं गेलं. थंडी साठाच्या जवळ आहे. मी जरा सुस्त झालोय, तेव्हा पत्र तुकड्यातुकड्याने लिहितोय.

जेवणाचं तू नेहमी विचारतेस म्हणून आधी तेच लिहितो, म्हणजे तुझं तोंड बंद. लोण्याचा डबा नाताळाच्या सुमारास संपला, फासळ्या त्याआधीच. पण यंदा ससे इतके झालेत की विचारू नकोस. झोपडीभोवती फास लावले की सकाळी हजर. उकडतो आणि खातो. एका बैठकीला तीन तीन खातो, तुझ्या रईसाने पाहिलं तर तिला भोवळच येईल. पोट टम्म होतं. गंमत म्हणजे हात धुवेपर्यंत पुन्हा रिकामं वाटतं, मग आणखी एक उकडतो. पोट थोडं बिघडलंय, पण ते होतंच. आता तरी म्हणू नकोस की दाजी जेवत नाहीत.

हात मात्र गार पडतात. घोडीच्या फासळीवर हात ठेवला तर मला काहीच लागत नाही, तिलाच माझा हात गार लागत असेल. परवा तळ्यावर बर्फाची लादी आणायला गेलो, लादी घसरगाडीवर चढवली आणि जरा टेकलो. बसलो तो बसूनच राहिलो. इतकं बरं वाटत होतं, उठूच नये. राखाडी घोडीने येऊन पाठीत ढुशी दिली म्हणून उठलो. तीही आगाऊ आहे, तुझ्यासारखी.

पट्ट्याला सुरीने नवीन भोक पाडलं. जुना झाला की पट्टा सैल होतोच.

कोठारात चरबी जशीच्या तशी आहे. चार बोटं, पांढरी शुभ्र. कधी जातो आणि नुसती बघून येतो. कुणी आलं तर घरात वाढायला आहे, एवढं समाधान पुरतं.

लेगेन्तेय


फ्रुन्झे, ४ फेब्रुवारी

दाजी,

तुमचं पत्र आज दुपारी आलं. मी दारातच उभ्याने वाचलं.

ससे! नुसते ससे! अहो, तुम्ही कुठल्या देशात जन्मलात? तारिनमधलं दुधपितं पोरही सांगेल की सशावर राहणारा भरल्या पोटी मरतो. सशाच्या अंगावर चरबी असते का? आमच्या बाबांनी वरच्या खोऱ्यातून असाच एक शिकारी आणला होता. भोवती सशांच्या हाडांचा ढीग होता, पोट फुगलेलं होतं आणि माणूस... नाही, लिहवत नाही. या थंडीत अंग स्वतःला जाळून ऊब करतं. त्याला चरबी दिली नाही तर ते तुम्हालाच खाणार. लादीजवळ बसलात ते सुस्तीने नाही, दाजी. घोडीने ढुशी दिली नसती तर किप्रियानला तुम्ही तिथेच सापडला असता.

आणि हाताच्या अंतरावर चार बोटं चरबी टांगलेली! ती पाहुण्याची म्हणून तुम्ही तिला हात लावत नाही! ताईच्या रीतीने तुम्हीच मरणार असाल तर ताई वरून काय म्हणेल, याचा विचार केलात?

तर आता माझं ऐका. मी तुमची पाहुणी. मी आत आले, दारातला बर्फ झटकला, उंबरठा ओलांडला, चुलीजवळ बसले. मला भूक लागलीय. उठा आणि चरबी कापा, मला वाढा आणि पाहुणीबरोबर तुम्हीही खा. यजमान जेवला नाही तर पाहुण्याचा अपमान होतो.

पण हे पत्र पोचायला तीन आठवडे लागणार, हे मला कळतं. म्हणून मी आत्ताच तारघरात जाऊन अनिसियाला तार केली आहे, तुम्हाला खाली घेऊन या म्हणून. तुम्ही माझ्यावर चिडणार. चिडा. चिडायला अंगात जोर लागतो, तेवढा तरी शिल्लक असू दे.

बालबारा


तारिन, २७ फेब्रुवारी

बालबारा,

तुझी तार पोचली. तुझं समाधान झालं असेल.

किप्रियान आणि अनिसिया आले. किप्रियानने इंजिन बंद केलं, त्यावर गोधड्या टाकल्या, खाली शेकोटी पेटवली. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी काळंबेरं आहे. दोघं आत आली आणि बसली. घरात पाहुणे आले होते, मी उठलो, कोठारातून चरबी उतरवली. सुरी मला धरवेना, म्हणून किप्रियानने धरली. गोठलेले पातळ काप फळीवर पडले. पहिला तुकडा आगीला दिला. मग अनिसियाने खाल्ला, किप्रियानने खाल्ला, आणि मग मी. त्यांना खाताना बघून मला भूक लागली, बालबारा. ओग्दो गेल्यापासूनची पहिली खरी भूक. मी हावऱ्यासारखा खात होतो आणि अनिसिया म्हणाली, ‘‘लेगेन्तेय, सामान बांधा.’’

माझा कोट उतरवला, तर आत दुसरा कोट. तुझ्या बहिणीचा. त्यात काय एवढं? गरम होता. किप्रियानला मी त्यामुळेच वळू दिसत होतो. दवाखान्यात उघडं करून काट्यावर उभं केलं, सत्तेचाळीस किलो. ऑक्टोबरमध्ये मी कमरेला मासे धरायच्या जाळ्याची शिसं बांधून काट्यावर चढलो होतो, तेही बाहेर आलं. सगळं गाव हसतंय. पोरं मला बघून कंबर धरून चालतात.

कळप फार्मवरच्या पोराला, इन्नोकेन्तीला दिला. तो ट्रॅक्टर चांगला चालवतो. काल वरून आला होता, मला खूश करायला म्हणाला, ‘‘आजोबा, तुमच्या घोड्या अगदी गुबगुबीत आहेत.’’ कुणाच्याही फासळीला त्याने हात लावलेला नाही, हे त्या एका वाक्यात कळलं. मी सांगायला उठलो तर अनिसियाने दंडाला धरून परत झोपवलं.

खाटेवरून खिडकीतून आमचं घर दिसतं. धुराडं थंड आहे, पायऱ्यांवर बर्फ चढलाय. हे बघायला नको म्हणूनच मी वर गेलो होतो. हे तुला सांगितलं नव्हतं, पण तुला समजायला हवं होतं. तू फ्रुन्झेत उबेत बसून उंटावरून शेळ्या हाकल्यास आणि माझे घोडे गेले.

मला पत्र लिहू नकोस.

लेगेन्तेय


फ्रुन्झे, २० मार्च

दाजी,

लिहू नकोस म्हणालात. मी तुमचं ऐकलंय कधी?

पोरांनी हसू दे. इन्नोकेन्तीलाही शिव्या घाला. मला मात्र एकाच गोष्टीचं उत्तर हवंय. तुम्ही वर मरायला गेला होता का? सरळ विचारते, कारण आडून विचारायला मला येत नाही. शिसं बांधून गेलात, लोणी आगीत घातलंत, चरबी टांगून ठेवलीत. हे सगळं रीत म्हणून केलंत की तिच्या मागे जायला केलंत?

मी माझा स्वार्थ सांगते. तुमचे घोडे मला दिसत नव्हते. तुमचा मानही दिसत नव्हता. मला एवढंच दिसत होतं, की मला लहानपणापासून ओळखणारं माणूस या जगात आता एकच उरलंय. तुम्ही ताईला मागणी घालायला आलात तेव्हा मी तुमच्या घोड्याच्या शेपटीला लाल चिंधी बांधली होती आणि तुम्ही तशीच फडकवत सगळ्या गावातून गेला होता. हे मी आता कुणाला सांगू? रईसाला? ती म्हणेल, आई, बसून राहू नकोस, चाल.

आई गेली, बाबा गेले, ताई गेली. तुम्ही गेलात तर मी बालबारा राहणार नाही, इथली कुणीतरी आजी राहीन. म्हणून तार केली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. माफी मागत नाही.

बालबारा


फ्रुन्झे, १७ एप्रिल

दाजी,

तुमचं उत्तर नाही. अनिसियाचंही नाही, म्हणजे बर्फ वितळून रस्ता बंद झाला असेल. असंच मी स्वतःला सांगते.

इथे जर्दाळू फुलले. सगळं शहर गुलाबी झालंय, लोक फोटो काढतात. बागेला फेऱ्या मारणं मी सोडलं, मनात बोलायला कुणी उरलं नाही, तुम्ही तर माझ्याशी बोलतच नाही.

एक चांगली बातमी आहे. परवाच्या रविवारी काटा सहा किलोंनी खाली आला. रईसाने टाळ्या वाजवल्या, जोल्दोशला बोलावून दाखवला, म्हणाली, बघ, आईने किती मनावर घेतलं. मला नवा झगा घेऊन देणार आहे, जुने सगळे सैल झाले. शेजारीणही म्हणाली, आजी, छान दिसता.

बरे असाल तर दोन ओळी लिहा. बरे नसलात तर एक लिहा.

बालबारा


तारिन, १९ मे

बालबारा,

रस्ता नव्हता, त्यामुळे तुझी दोन्ही पत्रं परवा एकत्र आली. मी आधी शेवटचं वाचलं, मग पहिलं, मग पुन्हा शेवटचं.

तू सरळ विचारलंस, सरळ सांगतो. मी मरायला गेलो नव्हतो. मरणाचा विचार करायला तरी माणूस जागा असावा लागतो. मी ताट घेऊन बसायचो आणि समोरची जागा रिकामी दिसायची, घास तोंडाशी जायचा आणि तिथेच थांबायचा. मग मी तो आगीत टाकायचो, म्हणजे कुणीतरी खाल्लं असं वाटायचं. बाकी काही नव्हतं. हे मी अनिसियालाही सांगितलेलं नाही.

तीन घोड्या गेल्या. राखाडी गेली, मला ढुशी देणारी. इन्नोकेन्ती रडत सांगायला आला, शेवटपर्यंत ती त्याला धष्टपुष्ट दिसत होती. मार्चअखेर रस्ता होता तोवर अनिसियाने मला चार दिवस त्याच्याबरोबर वर जाऊ दिलं, घसरगाडीवर गोधडीत गुंडाळून, तान्ह्या पोरासारखं. मी त्याचा हात धरून एकेका घोडीच्या फासळीवर ठेवला. बाकीच्या वाचल्या. आता त्याला येतं. पुढच्या हिवाळ्यात कळप त्याचाच राहील, मी मध्ये मध्ये जाईन. ते मला आवडलेलं नाही.

बॉयलरवाल्यांच्या खोलीत दुपारी सगळे एका टेबलावर जेवतात. मी तिथे जातो. ते वाईट पत्ते खेळतात आणि जेवताना भांडतात, पण खातात जोरात. त्यांना बघून माझाही घास खाली उतरतो. अंग हळूहळू भरतंय. घराचं दार उघडलं, चूल पेटवली. पहिल्या दिवशी नुसता बसलो, दुसऱ्या दिवशी चहा केला.

आता तुझ्या चांगल्या बातमीचं. रईसाला काटा वाचता येतो. मला अंग वाचता येतं, मग ते घोडीचं असो की माणसाचं. बागेच्या फेऱ्या बंद झाल्या आणि वजन उतरलं, हे कुठल्या कवायतीने होतं? ते सहा किलो कुठे गेले ते मला सांगू नकोस. माझे तिथेच गेले होते. तू हजारो कोसांवरून माझ्या सशांवरून ओळखलंस, मग मी एवढंही ओळखू नये?

तर आज रईसाला सांग, टेबलाशी माझ्यासमोर बस, मला एकटीला जेवायला देऊ नकोस. रशियनमध्ये बोलली तर बोलू दे. जोल्दोशला सांग, ते धुरावलेलं सॉसेज पुन्हा आण, चव कशीही असो.

मी तुला माफ केलेलं नाही. माझे घोडे तू घेतलेस, तो राग आहे आणि तो राहणार. पण आता हक्काने रागवावं असं माझं तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, बालबारा. जेव.

लेगेन्तेय